आढळून आले नाही

कन्ना चौकात, चादरींच्या दुकानाच्या जिन्याखाली
माझं सेवा केंद्र: एक संगणक, एक प्रिंटर,
एक पंखा, तोही प्रिंटरकडे तोंड करून,
कारण प्रिंटर तापला की कागद गिळतो.
मी तापले तर चालतं.

अंबादास एप्रिलात आला. भर दुपारी, चव्वेचाळीस अंशांत,
कारखान्यातला कापूस अजून भुवयांत.
शाळेच्या बसवर ड्रायव्हर घ्यायलेत, अक्का,
ते चारित्र्याचं तेवढं भरून दे.

नाव. वडिलांचं नाव. पाच वर्षांतले पत्ते.
मग तो रकाना:
आपल्यावर यापूर्वी कधी गुन्हा दाखल झाला होता का?
दोन वर्तुळं. हो. नाही.
वर कुणीतरी गिऱ्हाइकाला चादर झटकून दाखवत होतं,
धूळ जिन्यावरून आमच्यापर्यंत आली.

सतरा वर्षं अकरा महिन्यांचा होतो, तो म्हणाला.
काय केलं होतं ते पुढे सांगते.

पिशवीतून त्यानं बाल न्याय मंडळाचा हुकूम काढला,
घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी:
'नोंद नष्ट करण्यात यावी.'
तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.
'यावी'वर माझं बोट थांबलं.
किती सभ्य क्रियापद.
कुणी करावी, कधी करावी, काहीच म्हणत नाही.

मी 'नाही'वर टिचकी मारली. हुकुमाप्रमाणे तेच खरं होतं.
तेराव्या दिवशी उत्तर: नोंद आढळून आली.

रेकॉर्डवाले म्हेत्रे म्हणाले,
फाईल कुठली बाई, ती अख्खी खोली वाळवीनं खाल्ली.
म्हणजे हुकूम पाळला तो एकट्या वाळवीनं.
पण त्याआधी कुणा होतकरूनं
सगळी बाडं संगणकात चढवून ठेवली होती,
आणि तिथं वाळवी लागत नाही.

सहा अर्ज टाईप केले मी.
पहिल्यात 'कृपया' तीनदा,
चौथ्यात 'सविनय',
सहाव्यात नुसतं कलम आणि खाली सही.
दरम्यान जूनमध्ये शाळा उघडली,
बस दुसराच कुणी चालवायला लागला.
अंबादास रात्रपाळीला टॉवेल विणत राहिला.

गड्ड्याची यात्रा भरायच्या आधी कागद आला.
वाचून दाखव, म्हणाला. वाचता येतं त्याला.
'सदर इसमाविरुद्ध काहीही आढळून आले नाही.'
परत वाच.
काहीही आढळून आले नाही.
बराच वेळ गप्प. मग:
काहीच नाही म्हणजे, मीबी नाही काय त्यात?

लॅमिनेशन करू का, विचारलं.
नको. घडी घालता आली पाहिजे.

नळावर अजून म्हणतातच, तोच ना बे तो.
तोंडांना कुठल्या कलमाखाली अर्ज करायचा
मला माहीत नाही. माहीत असता तर
माझ्या केंद्रासमोर रांग सात रस्त्यापर्यंत गेली असती.

त्या रात्री शटर ओढताना दिसलं:
माझ्याच संगणकात, डाऊनलोडमध्ये,
अंबादास_हुकूम, अंबादास_हुकूम_नवा,
अंबादास_गुन्हा_शेवटचा.
एकोणीस वर्षांची नोंद मिटवायला निघालेली मी
तीन नव्या करून बसले होते.
कायमचं काढून टाकायचं? त्यानं विचारलं.
हो. नाही. परत तीच दोन.
बाहेर दुकानातला पोऱ्या काठी आपटत होता,
अक्का, आवर की, लाईट जाईल.

हो.

आता हे लिहितेय, म्हणजे हीही नोंदच.
म्हणून सांगते, त्याचं नाव अंबादास नाही.
चौकही कन्ना असेलच असं नाही.
आणि काय केलं होतं ते
पुढे सांगते म्हटलं होतं मी.

आलो की पुढे.