हरल्यानंतरची दहा मिनिटं

आधी तिला स्केट्स काढू दे.
नाड्या ओल्या असतात, गाठी आवळून बसलेल्या,
बोटं थरथरतात. ते बातमीत नको.

डुलुथ. बाहेर उणे बावीस.
आत ब्रिटा लिंडक्विस्ट, गोलकीपर, वय एकोणीस.
जादा वेळेच्या चौथ्या मिनिटाला
पक गेला तिच्या दोन पायांमधून.
सगळ्या गावाने पाहिलंय ते,
तू पुन्हा दाखवू नकोस.

"कसं वाटतंय?" तर मुळीच नको.
मी विचारलं होतं एकदा, मार्क्वेटच्या एका पोराला.
"तुम्हीच सांगा ना सर," म्हणाला,
आणि खरंच वाट बघत राहिला.
टेपवर अजून आहे ती शांतता.
सव्वीस सेकंद.
मोजलेत मी, एकदा नाही.

बाकावर बस, तिच्या शेजारी.
उभ्याने विचारलेले प्रश्न डोक्यावर पडतात.
"दुसऱ्या पिरियडला तो डावीकडचा फटका
तुला दिसला तरी कसा, एवढ्या गर्दीत?"
असं काहीतरी,
ज्याचं उत्तर फक्त तिलाच ठाऊक.
ती सांगायला लागेल, हात हलवत,
मध्येच थांबेल. थांबू दे.
संपादक ओरडेल. तोही ओरडू दे.

सोमवारी तिचा केमिस्ट्रीचा पेपर आहे.
हे ती आपणहून बोलली,
तर पेन खाली ठेव.

आणि निघताना "पुढच्या वेळी नक्की" वगैरे
पुटपुटू नकोस.
दार हळू लाव.
तिच्या पाठीवर कुणीतरी नुसता हात ठेवलाय,
तो तुला दिसलेला नाही.