मीठ

समुद्र नासणार, असं मासळीबाजारात कुणी म्हणालं.
कोण, ते कुणालाच ठाऊक नाही.
दुपारपर्यंत मोक्पोत मिठाचं पोतं दिसेना;
बातमीला लावण्यापुरतं तेवढं
सगळ्यांकडे होतं.

म्हातारी ओक-बुन एकटी राहते.
पाच पोती चौथ्या मजल्यावर चढवली तिनं,
दर पायरीला एक शिवी हासडत.
किमची आता ती घालतही नाही,
सून पाठवते डब्यातून.

संध्याकाळी समोरची ह्ये-सुक
वाटी घेऊन दारात.
"मूठभर?"
"कुठलं गं, मलाच मिळालं नाही."

दोघींच्या मधे उंबरा.
आतून पोत्यांना सुटलेलं पाणी
सावकाश निघालं होतं
ह्ये-सुकच्या चपलेकडे.

तिनं पाय जरा मागे घेतला.
"हवा दमट आहे आज," म्हणाली,
आणि वाटी पालथी धरून गेली.