टाचणी

"खोल श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."
दिवसातून साठ वेळा मी हे म्हणते
बॅरोच्या इस्पितळात, काचेआडून,
माझ्या मिरजेच्या इंग्रजीत.

आज मिस पोस्लथवेट. वय एक्क्याऐंशी.
कार्डिगन काढलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं,
"धरून ठेवा" म्हटलं तर हसल्या,
"किती वेळ, पोरी?"

बाहेरच्या बाकावर एरवी गोदीतले म्हातारे असतात,
सोळाव्या वर्षी बॉयलरला पांढरा लगदा लिंपणारे,
त्याचेच गोळे करून एकमेकांना मारणारे.
त्यांच्या छातीत काय दिसणार, मला आधीच ठाऊक असतं.
पण या बालवर्गाच्या बाई.
बोट पाण्यात सोडताना झेंडा हलवायला गेल्या असतील, तेवढंच.

पडद्यावर फुप्फुसाच्या कडेने
मेणबत्ती ओघळून थिजावी तसं पांढरं.
निकाल सांगणं माझं काम नाही.
त्यांनीच सांगितलं, बटणं लावता लावता:
"टाचण्या.
एकतीस वर्षं, दर शुक्रवारी.
जुनी चित्रं उपटायची, नवी टोचायची.
भिंत इतकी मऊ, अंगठ्यानेच जायची आत.
थोडं पीठ सांडायचं.
मी फुंकर मारायची."

फुंकर.
खरचटलेल्या गुडघ्यावर आपण घालतो ती.

बंदी आली नव्याण्णव साली.
नवं आणायचं नाही, विकायचं नाही, बसवायचं नाही.
भिंतीत आहे त्याचं काय?
निजलंय, निजू द्या. डिवचू नका.

शाल्मली त्याच शाळेत जाते.
तिची बोट, चार धुरांडी, एक नाराज देवमासा
निळ्या चिकट गोळ्यांनी लावलाय,
आणि शेजारी पाटी: या भिंतीला टाचणी टोचू नये.
वर्षभर मला वाटत होतं
इथल्या लोकांना नीटनेटकेपणाचं भारी वेड.

रात्री दादाचा फोन.
गोठ्यावर नवे पत्रे टाकतोय, सिमेंटचे, स्वस्तात मिळाले.
"भोकं मीच पाडली. दिवसभर ड्रिल.
वहिनी म्हणाली, पिठाच्या गिरणीतून आलात काय!"
मी म्हटलं, इथे बंदी आहे त्याच्यावर.
"पत्र्यांवर बंदी?" त्याला हसू आवरेना.
"मग गुरं काय छत्री घेऊन उभी राहतात?"

जिभेवर दिवसभराचं वाक्य होतं.
धरून ठेवलं. मग म्हटलं,
दादा, उद्या वर चढू नको.

"अगं, अर्धा गोठा उघडा आहे अजून."