साक्ष

दमास्कसमध्ये, दुपारच्या नमाजानंतर
शेख मुवफ्फक व्याकरण शिकवतात.
नियमाला पुरावा लागतो. त्याला
वाळवंटातल्या उंटचोराची एक ओळ चालते;
तो पिऊन पडायचा, पण विभक्ती चुकवत नसे.

हदीस चालत नाही.
"अर्थ पैगंबरांचा," शेख म्हणतात, "शब्द कुणाचे?
मधे मर्वचा एक साबणवाला आहे.
त्याने आशय जपला असेल जिवापाड,
प्रत्ययही जपले कशावरून?"

मागे, चपलांपाशी बसणारा उतैबा विचारतो,
"तुमचे वडील जाताना काय म्हणाले?"

शेख तेव्हा सात वर्षांचे, झोपलेले.
सकाळी आईने सांगितलं.
आई निशापूरची, तिच्या भाषेत लिंगच नाही:
"म्हणाले, दिवा विझली तर विझू दे,
पोराला उठवू नको."

बाप अस्सल अरब.
असं बोलणं शक्यच नाही, हे शेखांना
व्याकरण शिकल्या दिवसापासून ठाऊक आहे.
चाळीस वर्षांत
ती 'विझली' त्यांनी
एकदाही दुरुस्त केलेली नाही.

बाहेर पाणक्या ओरडत जातो.
"वाच ती हदीस," ते उतैबाला म्हणतात,
"पहिल्यापासून.
साबणवाल्याच्या नावासकट."