उभी रेघ

बाबा प्रॉम्प्टर.
दिवाळी ते होळी, धान निघालेल्या बांध्यांत
जिथं मंडई तिथं रात्रभर
विंगेत एक लोखंडी खुर्ची, मांडीवर वही,
टॉर्चला लाल कागद गुंडाळलेला.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात
माफी, धमकी, हंबरडा घालत आला हा माणूस.
घरी मात्र "मीठ दे", एवढंच.

आई गेली कार्तिकात, मळणीच्या दिवसांत.
बाबा रडले नाहीत.
मयतीला आलेल्यांना चहा पुरतो की नाही ते पाहत राहिले,
मग ओसरीत सायकल उलटी केली
आणि चांगलं असलेलं चाक
पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

मी तेव्हा ब्रह्मपुरीला. मानसशास्त्र, एम.ए. भाग दोन.
माझ्याकडे शब्द होते या सगळ्याला.
दमन. विस्थापन. लांबलेला शोक.
चाकाचं मी वहीच्या समासात लिहून ठेवलं: पाहा पान २१४.
खोटे नव्हते ते शब्द.
दिवे गेल्यावर भांडी कुठं आहेत ते हाताला कळावं,
तेवढा उपयोग झाला त्यांचा.
रात्री मला झोप लागली.

चौदाव्या दिवशी बाबा निघाले मंडईला.
"काहून जाता बाबा? लोक काय म्हणतील?"
"नाटक बुक हाये पोरी. मुरलीधरले पाठांतर नाही राहत."
मीही गेले, निरीक्षणाची वही घेऊन.
थंडी अशी की बायांनी बुडाखाली तणीस अंथरलेली.

तिसरा अंक. नायकाची बायको खाटेवर.
मुरलीधर डोंगरवार, मिशी चिकटवलेली,
गुडघ्यावर बसला
आणि विसरला.
वहीत वाक्य होतं:
प्रिये, माझ्या जीवनाचा दीप विझला!
असे शंभरेक दीप बाबांनी आजवर विझवून दिलेले.
टॉर्च वहीवर होता. ओठ हलले नाहीत.
मी मोजलं. अकरा सेकंद. सवय.
पेटीवाल्यानं एकच सूर धरून ठेवला.
मग बाबा बोलले, वहीत नव्हतं ते,

"भाजीत तिखट जास्त झालं म्हणालो वो मी तुले.
तेवढंच बोललो त्या दिवशी."

मुरलीधरनं ते जसंच्या तसं उचललं,
"वो"सकट, भोंग्यातून, हजार माणसांपुढं.
मला वाटलं, हसतील.
बायांच्या बाजूनं आधी एक नाक ओढल्याचा आवाज आला,
मग पदर,
मग पुरुषांकडून खोकले. खूप खोकले.
बाबांनी पान उलटलं.
पुढलं वाक्य दिलं, वहीतलं.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये मी लिहिलं:
व्यक्ती क्रमांक चार. पुरुष, वय एकसष्ट. पत्नीवियोग.
अश्रू नाहीत.
व्यक्त होण्यासाठी दुसऱ्याच्या मुखाचा आधार.
बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं,
"मग नंतर रडले का ते?"
मी म्हणाले, नोंद नाही.
वीसपैकी सतरा मिळाले.

होळीनंतर बाबांना ते जर्नल सापडलं.
रागावतील म्हणून मी चुलीपाशीच थांबले.
चष्मा लावला त्यांनी. वाचलं ओठ हलवत,
नवं नाटक हाती आलं की वाचतात तसं.
"व्यक्ती क्रमांक चार," जरासं हसले,
"मोठा रोल नाही दिसत."
मग खिशातली लाल पेन्सिल काढली
आणि "अश्रू नाहीत"च्या पुढं
एक उभी रेघ मारली.
त्यांच्या वहीत ती जिथं असते
तिथं नटानं काही बोलायचं नसतं.

"इथं थांबा पायजे," म्हणाले.
"तू धावत गेली."