लिलावाच्या आदल्या रात्री

उद्या अकराला लिलाव.
चौबाऱ्यामागे, उदगीरचा उकाडा आत घेऊन
शटर अर्धं ओढलंय
आणि दोनशे पानी वहीत मी माणसं मोजतोय.

इरफान बागवान. यॉर्कर अंगठ्यावर.
शुक्रवारी दुपारची मॅच असली तर उशिरा येणार.
शिवलिंग पटणे. लेगला उचलतो, फिरकी कळत नाही,
आठ हजारांवर जायचं नाही.
बिरादारांचा धाकटा : गेल्या साली एकशे चाळीस धावा,
त्यातल्या नव्वद शाळेच्या बारक्या ग्राउंडवर.
आकड्यालाही विचारावं लागतं, बाबा, कुठला तू?

कोयले कॅच सोडत नाही.
मे महिन्यात मेव्हणीचं लग्न आहे का, बघणे.

शेजारचा पंक्चरवाला वाकून बघतो,
"काय करूलालास रे, उधारी?"
हो म्हटलं.

पान उलटलं.
त्रेचाळीस नंबरला माझंच नाव.
फॉर्म पोरानं भरलाय,
फोटो केस होते तेव्हाचा.
मूळ किंमत पाचशे.

डावा गुडघा. पळतो, पण थांबता येत नाही.
स्लिपला उभा करता येईल. बोलतो फार.

पाचशेपुढं एक शून्य वाढवलं.
मग खोडलं.
खोडलेलं शून्य
जास्तच गोल दिसायलंय.