बेल वाजऊ नये

मे महिना म्हणजे पोरांना सुट्टी
आणि आमच्या मार्केटात हापूस.
हे दोन्ही एकाच वेळी कुणी ठेवलं,
विचारायचं राहून गेलं.

रात्री अकराला मी कोपरखैरण्याहून सायकल काढतो,
वाशीच्या गाळ्यावर पहाटेपर्यंत पेट्या मोजतो,
देवगड इतक्या, रत्नागिरी इतक्या, डागी बाजूला,
आणि सकाळी नवाला घरी येतो तेव्हा
अंगाला पेंढ्याचा वास, डोळ्यांत वाळू.
आंघोळ. दोन भाकऱ्या.
मग आतल्या खोलीचं दार ओढून मी झोपतो
आणि दाराबाहेर सुट्टी सुरू होते

पायात मोजे घालून.

प्रणोतीनं बाहेर कागद चिकटवलाय :
'बाबा झोपले आहेत. बेल वाजऊ नये. हुकमावरून.'
खाली शार्विलनं झोपलेला मी काढलाय,
मिशा बरोबर, पोट जरा जास्तच.
सुनयना कुकर उचलून शेजारी नाझरेबाईंकडे नेते,
शिट्ट्या तिकडे होतात,
तिसरी झाली की त्या भिंतीवर बोटानं टकटक करतात.
जुन्नरहून आलेला भाचा निहार
पहिल्या दिवशी दणक्यात ओरडला, 'मामी, भूक!'
आता तोही नुसत्या ओठांनी बोलतो.
कॅरमखाली गोधडी.
स्ट्रायकर मारायचा नाही, सोडायचा.
टीव्हीचा आवाज बंद,
आतल्या माणसांचं बोलणं पोरंच पुरवतात, कुजबुजत.
काल एक गुंड हिरोच्या छातीवर पिस्तूल रोखून म्हणाला,
'माझं खोडरबर दे, नाहीतर आईला सांगेन.'

उशीत तोंड खुपसून हसलो मी.
त्यांना वाटलं, घोरतोय.

खरं सांगायचं तर
दुपारी एकच्या पुढं मला झोप नसतेच.
पडून राहतो.
उठलो तर त्यांचा खेळ मोडेल,
बाबा उठले म्हणून सगळे मोठ्यानं बोलू लागतील,
आणि मोठ्यानं बोलण्यासारखं आमच्याकडे
बहुतेक वेळा फीचंच असतं.

भांडणंही होतात.
चिमटा ऐकू येत नाही,
मागाहून मोरीतला नळ सुटतो,
त्यावरून कळतं कुणीतरी रडतंय.

शुक्रवारी लाईट गेली.
पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला.
आता जाग आल्यासारखं करावं का, ठरवत होतो,
तोच दार किलकिलं झालं.
पुठ्ठ्याच्या पेटीचं झाकण घेऊन तिघं आत.
'प्रत्येकी शंभर,' प्रणोतीचा हुकूम.
वारा आला, त्यालाही आंब्याचाच वास.
तिचे शंभर चोख.
निहारचे शंभर पटापट, निम्मे उशीला.
मग शार्विल, माझ्या कानाशी श्वास टाकत :
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस,
एकोणचाळीस, चाळीस...
पुढं एकोणपन्नासवरून थेट एकोणसाठ.
कुणी काही बोललं नाही.

गाळ्यावर एक पेटी कमी भरली
तर मी टेम्पो सोडत नाही.
एक ड्रायव्हर रात्रभर शिव्या घालत बसला होता, तरी नाही.
इथं अठरा वारे बुडाले, डोळ्यांदेखत म्हणावं तर डोळे मिटलेले,
आणि मी बिल पास केलं.

जूनमध्ये हापूस आटोपला.
निहारला जुन्नरच्या एसटीत बसवला, शाळा उघडल्या,
शेठनं मला दोन दिवस रजा दिली.
भर दुपारी घरात मी एकटा.
पंखा चालू, कुकर आपल्याच ओट्यावर.
शांतता होती,
पण ती कुणी केलेली नव्हती.
झोप लागेना.

उठून दारावरचा कागद बघितला,
एक कोपरा सुटला होता, भाताचं शीत लावून दाबला.
'वाजऊ'तला ऊ तसाच राहू दिला.

पावणेसहाला बेल वाजली.
एकदा.
मग पुन्हा,
बोट न काढता.